फवारणीच्या ड्रोनचे पंखे: तपासायचे कसे, बदलायचे कसे (नवीन ड्रोनवाल्या भाऊ-ताईंसाठी)

सीझन लागला की नवीन ड्रोनवाल्यांचे फोन सुरू होतात आणि त्यातला एक फोन ठरलेलाच असतो, "भाऊ, पंख्याच्या टोकाचा जरासाच टवका उडाला, चालते का?" तिकडे कास्तकार धुऱ्यावर उभा, औषध कालवून ठेवलेलं, ढग भरून आलेले, मागं अजून चार जण नंबर लावून बसलेले. अशा वेळी माणसाले "चालते" एवढंच ऐकायचं असते. म्हणून पहिलेच सांगून टाकतो, पंखे तपासायचं काम वावरात करायचं नाही, रात्री घरी करायचं, जेवणखाण झाल्यावर, चांगल्या लाईटखाली. धुऱ्यावर घाई असते आणि घाईत सगळेच टवके लहान दिसतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात भाड्यानं फवारणी करतो, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर हेच जास्त. खालचं सगळं दहा लिटरच्या सहा मोटरवाल्या ड्रोनच्या हिशोबानं लिहिलं आहे, पण चार मोटरवाला मोठा असला तरी काम तेच. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं दिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं नाही. खाली जिथं पंखा म्हटलं तिथं एका मोटरवरचा पूर्ण सेट समजा, आणि पातं म्हणजे त्यातलं एक, दोन पाती मिळून एक पंखा.

१. आधी पात्यावर काय लिहिलं ते वाचा

बऱ्याच जणांनी आपल्या पंख्याचा नंबरच पाहिलेला नसतो. पात्याच्या मुळाजवळ उठावात आकडे असतात, २३८८, २४८०, ३०९० असे. ३०९० म्हणजे पंखा टोकापासून टोकापर्यंत ३० इंच आणि पिच ९ इंच, म्हणजे पात्याला किती तिरकस पीळ दिला आहे त्याचं माप. २३८८ म्हणजे २३ इंच आणि पिच ८.८. दिसायला २३ आणि २४ इंचाचा पंखा सारखाच वाटते, पण फ्लाइट कंट्रोलर (ड्रोन सांभाळणारा आतला कॉम्प्युटर) आणि मोटर एका मापाला सेट असतात, त्यामुळे "बसते ना, मग लाव" असं करू नका.

आकड्याच्या बाजूला अजून एक गोष्ट असते, सीडब्ल्यू किंवा सीसीडब्ल्यू. पहिला वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरते, दुसरा उलटा. सहा मोटरमध्ये तीन अशा आणि तीन तशा, आणि शेजारच्या दोन कधीच एका दिशेच्या नसतात. चार मोटरच्या ड्रोनमध्ये समोरासमोरच्या तिरप्या दोन मोटर एका दिशेच्या. काही कंपन्या मोटरवर किंवा ड्रोनच्या हातावर (मोटर ज्या दांडीवर बसते ती) बाण छापतात, नसेल तर परमनंट मार्करनं आजच काढून ठेवा.

छापलेलं घासून गेलं असेल तर हातानं ओळखा. पात्याची एक कड जाड आणि गोलसर असते, दुसरी पातळ. जाड कड ही फिरायच्या दिशेनं पुढं असते आणि पातळ कडेपेक्षा जराशी वर उचललेली असते. हे एकदा बोटाला कळलं की अंधारातही चुकत नाही.

२. सामान आणि कागद

सामान लय लागत नाही, पण जे लागते ते चांगलं लागते.

- अॅलन कीचा सेट, मेट्रिकचा. रस्त्यावरच्या दहा रुपयाच्या चाव्या घेऊ नका, त्यांची कड गोल होते आणि मग ती स्क्रूचं डोकं खाते. खाल्लेलं डोकं काढायला अर्धा दिवस जातो.
- निळं थ्रेडलॉकर, मीडियमवालं, म्हणजे स्क्रू थरथरीनं ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचं लोशन. लाल घ्यायचं नाही, लाल लावलेला स्क्रू गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि गरम केलं की बाजूचं प्लॅस्टिक गेलं.
- लहान डिजिटल काटा जो ०.१ ग्रॅम दाखवते.
- मोबाईलचा टॉर्च, जुना सुती कपडा, साबणाचं पाणी, रबरी हातमोजे.
- नेलपॉलिश, चमकत्या रंगाची. घरात मागा, कशाला पाहिजे ते खाली सांगतो.
- कापसाचा एक बोंड. आपल्याकडे त्याची काय कमी.
- स्पेअर पंखे, दोन्ही दिशेचे. आणि पंख्याच्या क्लॅम्पमधले (मोटरवर दोन्ही पाती धरून ठेवणारा भाग) वॉशर, स्क्रू.

कागदात मॅन्युअल, ड्रोनचा यूआयएन (सरकारी नोंदणी नंबर), पायलट सर्टिफिकेट, इन्शुरन्सची पॉलिसी आणि पंखे घेतल्याची बिलं. बिलं कशाला म्हणाल तर असं, फवारणीच्या ड्रोनला टाईप सर्टिफिकेट असते, ते त्या मॉडेलला त्याच्या ठरलेल्या पार्टसकट मिळालेलं असते. उद्या ड्रोन पडला आणि क्लेम केला तर सर्व्हेअर पहिले विचारेल पंखा कोणता होता, कुठून घेतला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमवरच्या ड्रोनला थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतेच, तो काढून ठेवून वर दुसऱ्याच मापाचा पंखा लावला तर काढला काय अन् नाही काढला काय.

बचत गटांसाठीच्या नमो ड्रोन दीदी योजनेतून ज्या ताईंना ड्रोन मिळाला त्यांनी पेटी एकदा नीट उघडून पाहा. त्या पॅकेजमध्ये चार जास्तीचे बॅटरी सेट असतात तसा पंख्यांचा एक जास्तीचा सेट पण धरलेला आहे, सहा पंख्यांचा. एक वर्षाचा इन्शुरन्स आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स करार पण त्यातच. बऱ्याच गटांकडे तो सेट खोक्याच्या खालच्या फोममध्ये तसाच पडलेला असते आणि इकडे बाजारातून पंखे शोधणं सुरू.

३. रात्रीची तपासणी

पहिले बॅटरी काढा. स्विच बंद केला, रिमोट बंद आहे, असं नाही चालत. बॅटरी ड्रोनपासून वेगळी होऊन बाजूला ठेवलेली दिसली पाहिजे, मगच पंख्याला हात. या मोटर बोट घेऊन जातात, याच्यात मजाक नाही.

मग हातमोजे घालून साबणाच्या ओल्या कपड्यानं पाती पुसा, वरून आणि खालून दोन्हीकडून. पावडरवालं औषध मारलं असेल तर खालच्या बाजूनं पांढरा थर बसतो आणि तो सगळ्या पात्यांवर सारखा बसत नाही, एकावर जास्त एकावर कमी, तिथूनच थरथर सुरू होते. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यातलं काही लावायचं नाही, प्लॅस्टिक खराब होते. आणि पुसल्याशिवाय पाहायचं पण नाही, मळाखाली तडा लपून राहते.

आता पात्याच्या मुळाजवळ टॉर्च तिरपा धरा, समोरून नाही, बाजूनं. बोल्टच्या छिद्राभोवती हळूहळू फिरवा. केसासारखी बारीक रेघ दिसते का, किंवा काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरकी छटा आली आहे का ते पाहा. तिथं प्लॅस्टिकवर ताण येऊन गेला की ते पांढरं पडते, तडा अजून गेला नसला तरी जायच्या तयारीत आहे असं समजायचं. टोकाचा टवका सगळ्यांना दिसते पण खरा घात मुळाशी असते, कारण पातं फिरताना बाहेर ओढलं जाते आणि तो सगळा ताण त्या छिद्राजवळच येते. टोक उडालं तर ड्रोन थरथरते. मुळातून पातं सुटलं तर चार मोटरवाला जागेवरच खाली येते, सहावाला नशीब असलं आणि टाकी रिकामी असली तर कसाबसा उतरते.

पातं दोन्ही हातात धरून हलकेच वाकवून पाहा, तोडायच्या जोरानं नाही. वाकवल्यावर रेघ उघडते का, कट्ट असा आवाज येते का. कार्बनचं पातं असेल तर नखानं टिचकी मारा, चांगलं पातं खणखणीत वाजते, आतून थर सुटलेलं असेल तर बद्द आवाज येते.

कडेसाठी कापूस. बोंडातला थोडासा कापूस घ्यायचा आणि जाड कडेवरून मुळाकडून टोकाकडे हळू ओढत न्यायचा, मग पातळ कडेवरून. जिथं धागा अडकून राहिला तिथं टवका आहे, डोळ्याला दिसत नसला तरी. बोटानं हे करायला जाऊ नका, तुटलेली कड ब्लेडसारखी लागते आणि वरून औषध लागलेलं.

आता पात्यांची उंची. मोटरजवळ एखादी काडी जमिनीत किंवा विटेच्या भोकात उभी करा, तिचं टोक पात्याच्या टोकाला जवळजवळ टेकेल असं. पंखा हातानं हळू फिरवा. दोन्ही पाती काडीजवळून एकाच उंचीवरून गेली पाहिजेत. एक वरून आणि एक खालून जात असेल तर एक पातं पिळलं गेलं आहे किंवा क्लॅम्प वाकला आहे. हे लय जण करतच नाहीत, आणि उन्हात वाकलेली पाती यातच सापडतात.

मग जोड. पाती घडी होणारी असतात, क्लॅम्पमध्ये बोल्टवर फिरतात, मधात पातळ प्लॅस्टिकचे वॉशर असतात. पातं हातानं हलवलं तर जराशा अडचणीनं हललं पाहिजे. एकदम खुळखुळ नको, गच्च पण नको. गच्च असेल तर फिरताना ते आपोआप सरळ रेषेत येत नाही आणि थरथर होते, खुळखुळत असेल तर वॉशर झिजले. वर-खाली खेळ असेल तर वॉशर बदला, बोल्ट अजून आवळून तो खेळ दाबू नका.

शेवटी मोटर. पंखा हातानं फिरवून कान लावा. किरकिर, खरखर आली तर बेअरिंगमध्ये माती गेली, आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते आणि ती सगळीकडे शिरते. मोटर वर-खाली ओढून पाहा, खेळ नसला पाहिजे. पंखा नवीन लावला आणि बेअरिंग गेलेली ठेवली तर थरथर तशीच राहते आणि माणूस पंख्याच्या दुकानदाराला शिव्या देत बसते.

४. कोणतं फेकायचं, कोणतं चालवायचं

एक हिशोब सांगतो, मग टवक्याची भीती बसेल. ३० इंची पंखा मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असला तर त्याचं टोक सेकंदाला साधारण १२० मीटरच्या वेगानं जाते, म्हणजे ताशी ४३० किलोमीटर. आता त्या टोकाचा फक्त एक ग्रॅम तुकडा उडाला, तर दोन बाजूंच्या ओढीत जो फरक पडते तो जवळपास पावणेचार किलोच्या झटक्याएवढा, आणि तो झटका सेकंदाला ५० वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेनं. त्या हातावरची मोटर, तिची बेअरिंग, नोझलचा पाईप, जायरो (ड्रोनचा तोल ओळखणारा सेन्सर), सगळे ते सहन करत राहतात. मग ड्रोन उंची सोडते, एका ठिकाणी औषध जास्त पडते एका ठिकाणी कमी, आणि कास्तकार म्हणते ड्रोननं फवारणी बरोबर होत नाही.

माझा हिशोब असा आहे. मुळाजवळ कसलीही रेघ, कसलीही पांढुरकी छटा, तर ते पातं संपलं, दुसरा विचार नाही. कापूस अडकेल असा टवका कोणत्याही कडेला, बदला. टोक उडालेलं, बदला. वाकलेलं, पिळलेलं, बदला. बारीक ओरखडे फक्त वरच्या सपाट भागावर, कडेला नाहीत आणि नख अडकत नाही, तर चालवा आणि त्यावर मार्करनं खूण करून ठेवा म्हणजे उद्या वाढले का ते कळेल. कडा धुळीनं खरबरीत झाल्या असतील, सगळ्या पात्यांच्या सारख्याच, तर ते एका दिवसाचं काम नाही, सीझन संपला की पूर्ण सेट बदला.

आणि ड्रोन एकदा पडला असेल, एखाद्या फांदीत गेला असेल, तर ज्या हाताला मार लागला त्याचा पंखा दिसायला चांगला असला तरी काढून टाका. सोबत त्या हाताची कार्बनची नळी आणि घडीचा लॉक पण टॉर्चनं पाहा.

५. बदलायचं कसं

१) सगळ्यात पहिले जसं आहे तसा फोटो काढा, वरून आणि बाजूनं. वॉशर कोणता खाली कोणता वर हे पाच मिनिटात विसरायला होते.

२) एका वेळी एकच पंखा उघडा. सहाही खोलून मांडून बसू नका, नाही तर सीडब्ल्यू आणि सीसीडब्ल्यूचा काला होते.

३) स्क्रू काढताना चावी पूर्ण आत गेली आहे ना ते पाहा, डोक्यात माती असेल तर टाचणीनं काढा. निघत नसेल तर जोर लावायच्या आधी थांबा, कदाचित आधीच्या माणसानं लाल लोशन लावलं असेल. स्क्रू आणि वॉशर ताटलीत ठेवा, खाटेवर नको.

४) एकच पातं खराब असलं तरी दोन्ही बदला. यावर लोक भांडतात, "दुसरं तं नवंच आहे भाऊ." पण कंपनी जोडी देते ती वजन जुळवून देते. वापरलेलं पातं झिजलेलं असते, वजन कमी, पीळ जरा वेगळा. काढलेलं चांगलं पातं फेकू नका, त्याच्यावर तारीख टाकून ठेवा, शिकवायला आणि तुलना करायला कामी येते, उडवायला नाही.

५) नवीन जोडी काट्यावर ठेवून वजन पाहा. दोन्हींचं सारखं आलं पाहिजे. फरक दिसला तर ती जोडी परत करा. जुन्या पात्यावर नवीन ठेवून आकार जुळवा, नंबर वाचा, दिशा वाचा. नंबर आणि दिशा पाकीट फोडायच्या आधीच वाचली तर दुकानदार परत घेते.

६) वॉशर नवे टाका. स्वस्त असतात, तेच लोक वाचवतात.

७) स्क्रूच्या आट्यांवरचं जुनं लोशन पुसून काढा, आटे कोरडे पाहिजे, तेल नको. मग निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब, एकच. काही स्क्रूवर कंपनीनंच कोटिंग दिलेलं असते, तिथं अजून लावायची गरज नाही. लोशन पात्याच्या प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात. सांडलं तर लगेच पुसा.

८) छापलेला नंबर वरच्या बाजूनं, जाड कड फिरायच्या दिशेनं. मग स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, थोडा हा थोडा तो, समोरासमोरचे आळीपाळीनं. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर त्या मापानं. आवळल्यावर पात्याची घडी करून उघडून पाहा, मघाशी सांगितली तेवढी अडचण पाहिजे.

९) आता नेलपॉलिश. स्क्रूच्या डोक्यावरून खाली क्लॅम्पवर येईल अशी एक सरळ रेघ ओढा. उद्या वावरात स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते, चावी लावायची गरजच नाही. पूर्ण तपासणी रात्री घरी, पण धुऱ्यावर दोन मिनिटांची नजर तेवढी टाकायची, बॅटरी लावायच्या आधी सहा मोटरभोवती एक चक्कर, सगळ्या रेघा सरळ आहेत का, कोणत्या पात्यावर नवा टवका आहे का.

१०) लोशन पूर्ण सेट व्हायला साधारण २४ तास लागतात, पकड तर त्याच्या आधीच येते, पण लावलं आणि उडवलं असं करू नका. रात्री लावायचं म्हणतो त्याचं हे पण एक कारण आहे.

११) वहीत लिहा, तारीख, मोटर नंबर, का बदललं. एकाच मोटरचा पंखा सारखा जात असेल तर भानगड पंख्याची नाही, त्या हाताची आहे, आणि ते वहीशिवाय ध्यानात येत नाही.

६. पहिली चाचणी

टाकी रिकामी ठेवा. मोकळी जागा, पोरं-सोरं आणि कुत्री दूर, आणि तुम्ही स्वतः मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर. ड्रोन हातात धरून किंवा पायानं दाबून मोटर चालवून पाहायची हौस करू नका, व्हिडिओत कोणी करताना दिसलं तरी.

मोटर चालू करून कमी फेऱ्यांवर थोडा वेळ आवाज ऐका. मग माणसाच्या उंचीएवढा उचलून हवेत जागेवर धरा. उचलतानाच एका कोपऱ्यावर कलंडायला लागला तर लगेच बंद, तिथं उलट दिशेचा पंखा लागला आहे, तो हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर फेकत असते. थरथर दिसत असेल, लँडिंगचे पाय कापत असतील, किंवा ॲपमध्ये व्हायब्रेशनचा इशारा येत असेल तर खाली घ्या.

दोन-तीन मिनिटं हवेत ठेवून उतरवा, बॅटरी काढा आणि मोटरींचं तापमान पाहा. इन्फ्रारेड गन असेल तर त्यानं, पण करोनात घेतलेली कपाळाची गन नाही, ती तापच मोजते. सहामधली एकच मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर तो पंखा किंवा ती बेअरिंग पुन्हा पाहा. सगळं बरोबर असेल तर अर्धी टाकी पाणी भरून एक चक्कर, मग खरं काम. पहिल्या टाकीनंतर नेलपॉलिशच्या रेघा परत पाहा.

७. आपल्याकडे पंखे कशानं जातात

सगळ्यात जास्त झटका मशीनच्या तारेनं. रोही आणि डुकरांसाठी बऱ्याच वावरांभोवती बांबूवर बारीक तार असते, लांबून दिसत नाही, कॅमेऱ्यात तर नाहीच. कास्तकाराला घेऊन धुऱ्यानं पूर्ण चक्कर मारा, तार कुठं आहे ते विचारा, मशीन बंद करायला लावा आणि ॲपमध्ये कडेपासून अंतर सोडून मॅपिंग करा. काही जण जनावरं भ्यावी म्हणून जुनी लुगडी बांधून ठेवतात, ती पण पंख्यानं ओढली जातात.

दुसरं, उडवायची जागा. पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या खुंटावर ड्रोन ठेवला की उतरताना जरा कलला तरी पातं खुंटाला लागते. लोक मग ताडपत्री टाकतात, ते अजून वाईट, मोकळी ताडपत्री पंख्याच्या हवेनं उचलली जाते आणि थेट पात्यात. ताडपत्री टाकायचीच तर चारी कोपऱ्याला लांब खिळे ठोका, नाही तर प्लायवूडचा तुकडा गाडीत ठेवा. सोयाबीन काढल्यावर कुटाराच्या ढिगाजवळून उडवू नका.

तिसरं म्हणजे नेणं-आणणं. फवारणीत जेवढी पाती जात नाहीत तेवढी पांदणीत जातात. बोलेरोत मागं ड्रोन टाकला, पाती घडी करून तशीच मोकळी, आणि दोन किलोमीटरची पांदण. दर खड्ड्याला पातं हाताच्या नळीवर आपटते, मुळाशी पांढरी छटा तिथूनच सुरू होते. पात्यांना कंपनीचे फोमवाले पट्टे असतात ते लावा, हरवले असतील तर जुन्या चपलेचा फोम आणि वेल्क्रोचा पट्टा. वरून टाकी, कॅन, औषधाचं खोकं काही ठेवू नका.

चौथं ऊन. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश सहज जाते, बंद गाडीत त्याच्यापेक्षा जास्त. प्लॅस्टिकचं पातं कशाच्या तरी वजनाखाली दाबून तिथं पडून राहिलं की पीळ बदलते आणि जूनमध्ये ड्रोन बाहेर काढला की थरथरते. स्पेअर पाती सपाट ठेवा, सावलीत, भिंतीला टेकवून उभी नको.

वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्यांचं वेगळं आहे, तिथं झाडाची उंची सारखी नसते आणि एखादी फांदी वर निघालेली असतेच, त्यामुळे तिकडे रोज तपासणी म्हणजे दर दोन-तीन टाक्यांनंतर तपासणी.

८. हे जुगाड करू नका

फेविक्विक आणि खाण्याचा सोडा टाकून तडा भरणं. पाईपला चालते, पंख्याला नाही, ती जागा कडक होते आणि बाजूला नवा तडा जाते. टवका घासून गुळगुळीत करणं, आणि मग वजन जुळवायला समोरचं पातं पण तेवढंच घासणं, हे तर मी चांगल्या शिकलेल्या पोरांना करताना पाहिलं आहे. सेलोटेप लावून बॅलन्स करणं, औषधात भिजली की टेप निघते. दोन वेगळ्या कंपन्यांची पाती एका क्लॅम्पमध्ये. आणि ऑनलाईन स्वस्तात मिळालेली बिननावाची पाती, ज्यांवर नंबर आहे पण वजन जोडीत जुळत नाही.

काढलेलं खराब पातं मोडून दोन तुकडे करा. नाही तर तुमचाच माणूस पुढच्या महिन्यात स्पेअर समजून लावेल, किंवा पोरं तलवार म्हणून खेळतील आणि त्याला सीझनभराचं औषध लागलेलं असते.

९. लग्नाच्या शूटिंगचा लहान ड्रोन असेल तर

तपासायची पद्धत तीच, फक्त पाती हलकी असतात. घडीच्या काही लहान ड्रोनमध्ये पात्यांच्या पाकिटात नवे स्क्रू येतात, ते नवेच वापरा, जुने परत लावू नका, आणि सोबत आलेल्याच पेचकसानं आवळा. मोटरच्या हातावर रंगाची किंवा रेघेची खूण असते, खूणवाली पाती खूणवाल्या हातावर, साधी साध्यावर. इथं थ्रेडलॉकर लावायचं नाही.

१०. पंखे कधी आणि कुठून मागवायचे

सोयाबीनची फवारणी जोरात असते तेव्हा स्पेअर मागवायला गेलात तर कंपनीकडे पण स्टॉक नसते आणि कुरिअर तालुक्याच्या गावापर्यंतच येते. म्हणून पेरणीच्या आधीच, जूनच्या सुरुवातीला मागवून ठेवा. माझ्या मते दोन सीडब्ल्यू आणि दोन सीसीडब्ल्यू पूर्ण पंखे, एक जास्तीचा क्लॅम्प आणि वॉशरची दोन पाकिटं एवढं घरात असलंच पाहिजे. जोडी मॉडेलप्रमाणे काही शेपासून दोन-तीन हजारापर्यंत जाते, आणि थांबलेल्या ड्रोनचं एका दिवसाचं भाडं त्याच्यापेक्षा जास्त बुडते. ऑर्डर देताना ड्रोनचं मॉडेल, पात्यावरचा नंबर आणि दिशा असा फोटोच पाठवा, तोंडी सांगितलं की चारही एकाच दिशेचे येतात. नागपूरहून कोणी देत असेल तर एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी येते, पण पाती पुठ्ठ्यात सपाट बांधायला सांगा आणि पार्सल घेतानाच स्टँडवर उघडून पाहा, तिथंच वाकलेलं निघालं तर तिथूनच फोटो काढून पाठवायचा, घरी आणून नाही.